पी व्हॅल्यू मोठी आली म्हणजे दोन गोळ्या सारख्या ठरल्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच औषधाच्या दोन गोळ्या, एक नवी (टेस्ट) आणि एक मूळ (रेफरन्स). १२ निरोगी स्वयंसेवक, दोन पीरियडचा क्रॉसओव्हर (प्रत्येकाने दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या फेऱ्यांत घ्यायच्या), प्रत्येक क्रमात सहा जण: सहा जणांना आधी टेस्ट, सहा जणांना आधी रेफरन्स. सीमॅक्सच्या (रक्तातल्या औषधाच्या कमाल पातळीच्या) भौमितिक सरासऱ्यांचं गुणोत्तर ९२% आलं, एकाच व्यक्तीतला सीव्ही (मूल्यं सरासरीच्या किती टक्के हलतात ते माप) ४०% च्या आसपास. प्रश्नकर्त्याने पेअर्ड टी-टेस्ट केली, पी व्हॅल्यू ०.६ मिळाली. 'फरक सिग्निफिकंट नाही, म्हणून दोन्ही बायोइक्विव्हॅलंट' (म्हणजे औषध रक्तात सारखंच पोचवणाऱ्या) असं अहवालात लिहिता येईल का? आणि नसेल, तर सगळीकडे ९०% कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरं गुणोत्तर ज्या पल्ल्यात असावं असा अंदाज), ८० ते १२५ आणि लॉग यांचा जो आग्रह असतो तो कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असं लिहिता येणार नाही. बाकीचे तीन प्रश्न मुळात एकच आहेत. पहिला 'नाही' का, हे नीट कळलं की तिघांची उत्तरं ओघाने येतात.

टी-टेस्ट सुरुवातच अशी करते की दोन्ही गोळ्या सारख्या आहेत. मग डेटाला विचारते, हे खोटं ठरवायला तुझ्याकडे पुरेसा पुरावा आहे का? पुरावा नसेल तर पी मोठी येते. पण पुरावा नसण्याची कारणं दोन असू शकतात. एक, खरंच फरक नाही. दोन, फरक आहे पण तो दिसण्याइतकी माणसं घेतलेली नाहीत किंवा मोजमापात गोंधळ फार आहे. पी व्हॅल्यू या दोन्हींत भेद करत नाही. छोटा, विस्कळीत अभ्यास म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. जितका वाईट अभ्यास कराल तितकी 'फरक आढळला नाही' म्हणायची सोय जास्त. औषधाच्या बाबतीत हे कुठलाही नियामक मान्य करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून बायोइक्विव्हॅलन्समध्ये पुराव्याची जबाबदारी उलटी केलेली असते. सुरुवात 'या दोन गोळ्या सारख्या नाहीत' इथून होते आणि त्या पुरेशा सारख्या आहेत हे सिद्ध करायचं काम नव्या गोळीवाल्याचं. अभ्यास कमकुवत असेल तर तोटा त्याचाच होतो.

आता तुमचेच आकडे घेऊन हिशेब मांडतो, कारण हा हिशेब हाताने एकदा केला की सॉफ्टवेअर काय ओकतंय ते कळायला लागतं. सीव्ही ४०% म्हणजे लॉग स्केलवर रेसिड्युअल व्हेरियन्स १ + ०.१६ चा नैसर्गिक लॉग, ०.१४८. संतुलित दोन पीरियडच्या क्रॉसओव्हरमध्ये फरकाची स्टँडर्ड एरर काढायला याला दोनने गुणायचं, एकूण माणसांनी भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं: ०.१५७. दहा डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी टी चं मूल्य १.८१२. दोन्हींचा गुणाकार ०.२८५, ही इंटर्व्हलची अर्धी रुंदी. ०.९२ चा लॉग −०.०८३. त्याच्या दोन्ही बाजूंना ०.२८५ मोजा आणि लॉग उलटा करा. उत्तर येतं ६९.२% ते १२२.३%.

म्हणजे तुमचा डेटा असं सांगतोय की नव्या गोळीचं सीमॅक्स मूळ गोळीच्या ६९% असणंही शक्य आहे आणि १२२% असणंही. याला 'सारख्या' म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. त्याहून गंमत पुढे आहे. समजा गुणोत्तर ९२ ऐवजी बरोब्बर १००% आलं असतं. तरी याच रुंदीने इंटर्व्हल ७५.२% ते १३३.०% झाला असता, म्हणजे तरीही नापास. बारा माणसं आणि ४०% सीव्ही घेऊन हा अभ्यास पास होण्याची शक्यताच नव्हती, गोळी कितीही चांगली असो.

उलट उदाहरणही बघा. दुसरं एखादं औषध, सीव्ही फक्त १०%, माणसं ३६, गुणोत्तर ९५%. इथे इंटर्व्हल ९१.३% ते ९८.९% येतो. त्यात १०० बसतच नाही, म्हणजे टी-टेस्टच्या भाषेत फरक सिग्निफिकंट, पी ०.०४ च्या आत. तरीही हा अभ्यास आरामात पास. फरक आहे, तो नेमका मोजलेला आहे, आणि तो ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. वरिष्ठ कुणी 'अरे, पी ०.०४ आहे, आता काय?' म्हणून घाबरले तर त्यांना हे उदाहरण दाखवा. अशी घबराट मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती दरवेळी चांगल्या अभ्यासाच्याच वाट्याला येते.

तुम्ही केलंत तसं पूर्वी खरोखर केलं जायचं, जरा सुधारून. फरक सिग्निफिकंट नसावा, आणि २०% फरक पकडण्याइतकी म्हणजे किमान ८०% पॉवर (फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) अभ्यासात असावी, असा नियम होता. अमेरिकेच्या एफडीएतले (तिथल्या औषध नियामक संस्थेतले) संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड शुइरमन यांनी १९८७ मध्ये या पद्धतीची आणि दोन एकतर्फी चाचण्यांची समोरासमोर तुलना केली आणि दुसरी का सरस ते दाखवलं. आज जगभर तीच चालते. एक चाचणी विचारते, गुणोत्तर ८०% पेक्षा नक्की जास्त आहे का? दुसरी विचारते, १२५% पेक्षा नक्की कमी आहे का? दोन्हींत पास झालात तरच बायोइक्विव्हॅलंट.

आता ९०% चं कोडं. या दोन्ही चाचण्या प्रत्येकी ५% पातळीवर करायच्या असतात. वरून ५ आणि खालून ५ छाटले की उरतो तो ९०% इंटर्व्हल. 'दोन्ही चाचण्या पास' आणि '९०% इंटर्व्हल पूर्णपणे ८० ते १२५ च्या आत' ही दोन वाक्यं गणिताने एकच आहेत. अनेकांना वाटतं की ९५ ऐवजी ९० घेऊन नियामकांनी ढील दिली आणि रुग्णाचा धोका १०% केला. तसं नाही. खरं गुणोत्तर एकाच वेळी ८० च्या खाली आणि १२५ च्या वर असू शकत नाही. त्यामुळे खराब गोळी चुकून पास होण्याची शक्यता जास्तीत जास्त ५% च राहते.

लॉग का, याचं उत्तर 'डेटा नॉर्मल व्हावा म्हणून' असं बऱ्याचदा दिलं जातं. ते अर्धवट आहे. खरं कारण औषध शरीरात कसं वागतं त्यात आहे. एयूसी (रक्तात एकूण किती औषध पोचलं त्याचं माप) म्हणजे डोस गुणिले शोषलं गेलेलं प्रमाण, भागिले क्लिअरन्स (शरीर औषध काढून टाकतं तो वेग). सगळा गुणाकार-भागाकाराचा मामला. लॉग घेतला की त्याची बेरीज-वजाबाकी होते, आणि क्रॉसओव्हरमध्ये एकाच माणसाच्या दोन मोजमापांतला फरक घेतला की त्याचा क्लिअरन्स दोन्हीकडून कटतो. उरतो तो गोळ्यांच्या शोषणातला फरक, जो आपल्याला हवा होता. अर्थात, दोन पीरियडमध्ये त्या माणसाचा क्लिअरन्स तोच राहिला हे गृहीत धरून. ज्या औषधांत तो दिवसागणिक हलतो तिथे सीव्ही मोठा निघतो.

८० आणि १२५ हा लंगडा वाटणारा जोडही इथूनच येतो. ०.८० चा व्यस्त १.२५. टेस्ट रेफरन्सच्या ८०% असेल तर रेफरन्स टेस्टच्या १२५% असतो. लॉग स्केलवर दोन्ही कडा शून्यापासून सारख्याच अंतरावर, ०.२२३ वर. लॉग घ्यायचा की नाही हे डेटा बघून ठरवायचं नसतं. आधी नॉर्मॅलिटी टेस्ट करायची आणि सोयीची वाट पकडायची ही सवय असेल तर सोडून द्या. एयूसी आणि सीमॅक्ससाठी लॉग हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतो: 'जेनेरिकमध्ये २०% कमी किंवा २५% जास्त औषध चालतं.' एक तर ही मर्यादा गोळीतल्या औषधाच्या वजनाची नाही, रक्तात पोचलेल्या औषधाच्या गुणोत्तराची आहे. आणि ती सरासरीने नाही, अख्ख्या इंटर्व्हलने पाळायची असते. २४ माणसं आणि २५% सीव्ही असलेला अभ्यास घ्या. अर्धी रुंदी ०.१२२ निघते. म्हणजे इंटर्व्हल आत बसायला मधलं गुणोत्तर साधारण ९०.४ ते ११०.६ मध्येच असावं लागतं. प्रत्यक्षात तर याहून जवळ असतं. एफडीएच्या शास्त्रज्ञांनी १९९६ ते २००७ मधल्या २,०७० अभ्यासांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जेनेरिक आणि मूळ औषधातला सरासरी फरक सीमॅक्समध्ये ४.३५% आणि एयूसीमध्ये ३.५६% होता.

तुमच्या टी-टेस्टबद्दल आणखी एक तांत्रिक गोष्ट. पेअर्ड टी-टेस्टला पीरियड कळत नाही. समजा दुसऱ्या पीरियडमध्ये सगळ्यांचीच मूल्यं थोडी वर गेली. दोन्ही क्रमांत माणसं समान असतील तर हा परिणाम सरासरी फरकातून कटतो, पण व्हेरियन्समध्ये जाऊन बसतो आणि इंटर्व्हल उगाच रुंद करतो. एका क्रमातले दोघे गळाले तर मग सरासरीही कलते. म्हणून क्रम, क्रमांतर्गत व्यक्ती, पीरियड आणि फॉर्म्युलेशन हे चारही घटक असलेलं अनोव्हा (एकूण चढउतार घटकांनुसार वाटून दाखवणारं विश्लेषण) वापरायचं आणि इंटर्व्हल त्याच्या रेसिड्युअलवरून, म्हणजे उरलेल्या चढउतारावरून, काढायचा. व्यक्ती फिक्स्ड धरायची की रँडम, हे तुम्ही कुणाकडे अर्ज करणार त्यावर अवलंबून आहे. युरोपच्या ईएमए या औषध नियामक संस्थेने २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत सगळे घटक फिक्स्ड मागितले होते. डेटा पूर्ण असेल तर दोन पीरियडच्या साध्या अभ्यासात दोन्हींचं उत्तर एकच येतं, त्यामुळे त्यावर रात्र जागवू नका.

अनोव्हाच्या तक्त्यात क्रमाचा परिणाम सिग्निफिकंट दिसला की लोक कॅरीओव्हरच्या, म्हणजे पहिल्या गोळीचा परिणाम दुसऱ्या पीरियडमध्ये उरण्याच्या, मागे लागतात. ग्रिझल यांनी १९६५ मध्ये सुचवलेली दोन टप्प्यांची रीत, आधी कॅरीओव्हर तपासा आणि आढळला तर फक्त पहिला पीरियड वापरा, अजून काही पुस्तकांत सापडते. फ्रीमन यांनी १९८९ मध्येच दाखवलं की या रीतीने चुकीच्या निष्कर्षाची शक्यता वाढते. कॅरीओव्हर संख्याशास्त्राने शोधायचा नसतो, वॉशआउट (दोन पीरियडमधली औषधाविना मुदत) पुरेसा ठेवून टाळायचा असतो, निदान पाच हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ). आणि दुसऱ्या पीरियडमध्ये डोसच्या आधीचा रक्तनमुना बघायचा. त्यातलं प्रमाण त्या व्यक्तीच्या त्या पीरियडच्या सीमॅक्सच्या ५% पेक्षा जास्त असेल तर त्या व्यक्तीचा तो डेटा वगळतात. एवढं पुरतं.

आता पुढे काय करायचं. हे मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

तुमचा १२ जणांचा अभ्यास पायलट असेल तर तो वाया गेलेला नाही. पायलटचं काम निकाल देणं नसतं, सीव्हीचा आणि गुणोत्तराचा अंदाज देणं असतं. सीव्ही ४०% धरला, खरं गुणोत्तर ९५% धरलं आणि ८०% पॉवर हवी असेल, तर साध्या दोन पीरियडच्या क्रॉसओव्हरला ६६ माणसं लागतात. तुलनेसाठी, सीव्ही ३०% असता तर ४० आणि २०% असता तर २०. गुणोत्तराच्या बाबतीत हे गणित फार कडक आहे. ३०% सीव्हीलाच गुणोत्तर ९५ ऐवजी ९०% धरलं तर आकडा जवळजवळ दुप्पट होतो. तुमचं पायलटमधलं ९२% जसंच्या तसं गणितात घालू नका, कारण १२ जणांवरचा तो अंदाज किती सैल आहे हे वरच्या इंटर्व्हलमध्ये दिसलंच. पण ते विसरूनही जाऊ नका. डिझोल्यूशनच्या आलेखात नवी गोळी हळू विरघळताना दिसत असेल तर त्या ९२ मध्ये तथ्य असू शकतं. मग माणसं वाढवण्याआधी गोळी सुधारणं स्वस्त पडेल.

६६ चा आकडा ऐकून घाबरण्याआधी मी एक काम करायला सांगतो. रक्तनमुन्यांचं वेळापत्रक उघडा. सीमॅक्स म्हणजे खरं शिखर नव्हे, आपण सुई टोचली त्या वेळांतलं सगळ्यात वरचं मूल्य. नमुने शून्य, एक, दोन, चार तासांना घेतले आणि शिखर सव्वा तासाच्या आसपास असेल, तर कुणाचं शिखर सापडतं, कुणाचं हुकतं. त्याच माणसाचं एका पीरियडमध्ये सापडतं आणि दुसऱ्यात हुकतं. हा सगळा गोंधळ सीव्हीमध्ये जमा होतो आणि औषधाच्या नावावर खपतो. प्रत्येक व्यक्तीचा आलेख स्वतंत्रपणे बघा, सरासरीचा नको. किती जणांचं कमाल मूल्य पहिल्याच नमुन्यात आलंय, ते मोजा. तसे दोन-चार जरी सापडले तरी पुढच्या अभ्यासात शिखराभोवती दर पंधरा-वीस मिनिटांनी नमुने ठेवा. सीमॅक्सचा सीव्ही ४०% आणि त्याच माणसांत एयूसीचा पुष्कळ कमी असेल, तर माझा पहिला संशय वेळापत्रकावर जातो.

वेळापत्रक ठीक असूनही सीव्ही ३०% च्या वरच राहिला, तर औषध 'हायली व्हेरिएबल' गटात मोडतं आणि वेगळा दरवाजा उघडतो. कल्पना अशी की मूळ गोळीच त्याच माणसात एका दिवसापासून दुसऱ्या दिवशी इतकी हलत असेल आणि तरी सुरक्षित चालत असेल, तर नव्या गोळीला ८० ते १२५ ची ताठर चौकट लावण्यात अर्थ नाही. मर्यादा रेफरन्सच्या स्वतःच्या चंचलतेनुसार रुंद करता येते. ईएमएच्या नियमात रेफरन्सचा सीव्ही ४०% असेल तर सीमॅक्सची मर्यादा ७४.६२ ते १३४.०२% होते, आणि ५०% सीव्हीला ६९.८४ ते १४३.१९% वर जाऊन थांबते. ही सवलत तिथे फक्त सीमॅक्सला, तर एफडीए आपल्या पद्धतीने एयूसीलाही देते. दोन्हीकडे मधलं गुणोत्तर मात्र ८० ते १२५ मध्येच असावं लागतं.

यात मेख अशी की हा दरवाजा तुमच्या सध्याच्या डिझाइनमधून उघडत नाही. दोन पीरियडमध्ये प्रत्येकाने रेफरन्स एकदाच घेतली. त्यातून निघणारा ४०% हा टेस्ट आणि रेफरन्स दोन्हींचा मिळून आहे, तो वेगळा काढता येत नाही. कोण जाणे, रेफरन्स शांत असेल आणि चंचलता सगळी तुमच्याच गोळीची असेल! त्यासाठी रेप्लिकेट डिझाइन लागतं, ज्यात रेफरन्स निदान दोनदा दिली जाते, तीन किंवा चार पीरियडमध्ये. आणि मर्यादा रुंद करणार हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहावं लागतं.

औषध याच्या उलट टोकाचं असेल, म्हणजे थोडा फरकही रुग्णाला भोवेल असं, तर मर्यादा आवळली जाते. ईएमए तिथे ९०.०० ते १११.११% मागते. टीमॅक्सला, म्हणजे शिखर गाठायला लागलेल्या वेळेला, लॉग आणि अनोव्हा लावू नका. ती ठरावीक वेळांची मूल्यं असतात, त्यांची मीडियन आणि पल्ला द्या.

दोन मोह मात्र टाळा. पहिला, एखाद्या विचित्र माणसाला गाळण्याचा. एकाच स्वयंसेवकाचं टेस्टचं सीमॅक्स इतरांच्या पावपट आलं की खोलीतले सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. तो प्रयोगशाळेचा घोळ असू शकतो, पण त्याच्या पोटात ती गोळी फुटलीच नाही असंही असू शकतं, आणि तसं असेल तर अभ्यासातला तो सर्वांत कामाचा डेटा आहे. उलटी, चुकलेला डोस, डोसआधीच उरलेलं औषध अशी प्रोटोकॉलमध्ये आधी लिहिलेली कारणं असतील तरच वगळा. केवळ आकडा न आवडल्याने नाही. दुसरा मोह अभ्यास संपल्यावर पॉवर काढण्याचा. तुमचा इंटर्व्हल समोर असताना पोस्ट-हॉक पॉवर म्हणजे वरातीमागून घोडं. अनिश्चितता किती ते ६९.२ ते १२२.३ ने आधीच सांगितलंय.

अहवालात आता असं लिहा: 'सीमॅक्सचं भौमितिक गुणोत्तर ९२%, ९०% कॉन्फिडन्स इंटर्व्हल ६९.२ ते १२२.३%, व्यक्तीअंतर्गत सीव्ही ४०%. या आकाराच्या अभ्यासातून बायोइक्विव्हॅलन्सचा निष्कर्ष काढता येत नाही.' पी व्हॅल्यू लिहूच नका, वाचणारा तिलाच धरून बसेल. एयूसीसाठी हेच गणित स्वतंत्रपणे करा, कारण दोन्ही पास व्हावे लागतात आणि माणसांची संख्या ज्याचा सीव्ही मोठा त्याच्यावरून ठरते. आणि ६६ हा शेवटपर्यंत टिकलेल्यांचा आकडा आहे. अधेमधे गळणारे धरून भरती त्याहून जास्त करा, दोन्ही क्रमांत समसमान.